रायफलीवरची बत्ती कुणी लावली?

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी ती घटना आठवली की आधी छातीत धडधडतं आणि मग, सगळं निभावलं हे ध्यानात येऊन, हायसं वाटतं. नोकरीत याहून मोठे गुन्हे मी उघडकीस आणले. पण एका निरपराध शिपायाची भाकरी माझ्याच सहीने जाता जाता वाचली, असा प्रसंग हा एकच. नावं कुणाचीच देत नाही. माझी चूक मात्र देतो, कारण ती लपवली तर सांगण्यासारखं काही उरत नाही.

मी मराठी, पण जन्म लखनौचा. वडील रेल्वेत इंजिनियर होते. आलमबागेतल्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो आणि इथल्याच पोलिसात दरोगा, म्हणजे आपल्याकडचा फौजदार, म्हणून लागलो. शेवटच्या वर्षी एसीपी होतो. जानकीपुरमच्या वसाहती संपून बटाट्याची कोल्ड स्टोरेजं सुरू होतात, त्या भागातली तीन ठाणी माझ्याकडे होती.

त्या हिवाळ्यात गस्तीच्या रायफलींवर टॉर्च बसवायचं ठरलं. तोवर आमचे शिपाई एका हातात रायफल आणि एका हातात टॉर्च घेऊन फिरत. दोन्ही हात लागले की टॉर्च सरळ दातात धरत. निवड समितीचा प्रमुख मी होतो. हिरव्या कापडाच्या टेबलावर चार नमुने मांडले होते, सोबत चहा आणि सामोसे. मला दुसरा नमुना फार आवडला. उजेड डोळे दिपवणारा, आणि बटणाच्या जागी बोटभर रबरी पट्टी. रायफलीचा पुढचा भाग डाव्या हाताने धरतो, तिथेच ती पट्टी चिकटवलेली. दाबली की उजेड, सोडली की अंधार. अंगठा इकडचा तिकडे करायला नको. चाचणीच्या मैदानात दहा जणांनी वापरून पाहिला आणि दहाही जण खूश झाले. मी अहवालात ‘वापरास अत्यंत सोयीचा’ असं लिहून झोकात सही ठोकली. महिनाभर वापरून पाहायला म्हणून बारा रायफलींवर तो बसवला गेला.

जानेवारीत खबर आली. बटाट्याच्या गोण्या शिवणारा एक जण आमच्या इन्स्पेक्टरचा खबऱ्या होता. त्याने सांगितलं की तमंचा, म्हणजे गावठी पिस्तूल, दाखवून दोन मेडिकल दुकानं लुटणारा, त्यात एका दुकानदाराला जखमी करणारा तरुण एका बंद कोल्ड स्टोरेजमध्ये मुक्कामाला आहे. जानेवारीत ही गोदामं रिकामी असतात. नवा बटाटा फेब्रुवारीच्या अखेरीस येतो, तोवर तिकडे कुणी फिरकत नाही. लपायला जागा झकास.

सकाळी साडेसहाला छापा घालायचं ठरलं. इतकं धुकं होतं की स्वतःच्या जीपचं बॉनेट दिसेना. इन्स्पेक्टर चौघांना घेऊन पुढच्या फाटकाशी थांबला. मागच्या पडक्या भिंतीशी तिघे बसणार होते. सगळे जागेवर बसले की शिटी वाजणार आणि दोन्हीकडून आत शिरायचं, असा बेत होता.

शिटी वाजलीच नाही. त्याआधी मागच्या बाजूला एकदम पांढराशुभ्र उजेड पडला आणि सगळं धुकं दुधासारखं उजळलं. आत धप्पकन आवाज झाला, बाजूच्या झरोक्यातून कुणीतरी उडी मारली आणि मोहरीच्या शेतातून पसार झालं. त्याहून भयंकर म्हणजे पुढच्या एका शिपायाला तो उजेड गुन्हेगाराचा वाटला. त्याने रायफल रोखली, बोट घोड्यावर गेलं. आपलाच माणूस आहे हे शेजारच्याने ओरडून सांगितलं म्हणून गोळी सुटली नाही. हे ऐकलं तेव्हा मी खुर्चीत बसून पाणी मागितलं होतं.

उजेड पडला तो मागच्या तिघांपैकी एका शिपायाच्या रायफलीवरून. सात वर्षं नोकरी, रेकॉर्ड स्वच्छ. पण पळालेला गुन्हेगार त्याच्याच गावचा निघाला. शिपायाच्या मोबाइलमध्ये चुलतभावाच्या वरातीतला एक फोटो सापडला, त्यात दोघे शेजारी उभे. इन्स्पेक्टरने दोन अधिक दोन चार केले. शिपायाने बत्तीने इशारा देऊन गाववाल्याला पळवलं, असा रिपोर्ट गेला. शिपाई त्याच दिवशी निलंबित झाला आणि बडतर्फीच्या हालचाली सुरू झाल्या. चौकशी माझ्याकडे आली. टॉर्च निवडणारा मीच आणि चौकशी करणाराही मीच, यात काही खटकण्यासारखं आहे हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या तर नाहीच नाही.

शिपायाला समोर बसवलं. ओठ सुकलेले, दाढी वाढलेली.

“बत्ती तू लावलीस?”

“नहीं साहब.”

“मग कुणाच्या रायफलीची लागली?”

“हमारी ही राइफल की लगी. मगर हमने नहीं लगाई.”

“हे कोण मानेल?”

“कोई नहीं मानेगा साहब. हम बैठे, तो जल गई. घबराकर खड़े हुए, तो बुझ गई. इतना ही मालूम है.”

खोटं बोलणारा माणूस आपली गोष्ट शहाणपणाची करून आणतो, हा माझा अनुभव. टॉर्च बिघडलेला होता, धक्का लागला, दुसऱ्याने दाबला, असं काहीतरी तो पुढे करतो. या पठ्ठ्याने सुटकेची एकही फट ठेवली नव्हती. ‘बसलो तर लागली, उठलो तर विझली’ हे मी जबाबात जसंच्या तसं उतरवून घेतलं. अर्थ मात्र लागला नाही.

जप्त केलेली रायफल मालखान्यातून, म्हणजे मुद्देमालाच्या खोलीतून, काढून शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या आर्मोररकडे पाठवली. त्याने टॉर्च उघडून पाहिला, रायफल हलवून, आपटून पाहिली आणि लेखी दिलं की कोणताही दोष नाही, पट्टी दाबल्याशिवाय दिवा लागत नाही. मी शिपायाला बोलावून तीच रिकामी रायफल त्याच्या हातात दिली आणि ठाण्यामागच्या अंगणात वीस वेळा बसवलं, उठवलं. बत्ती एकदाही लागली नाही. विसाव्या वेळी तो माझ्याकडे बघेनासा झाला. मलाही त्याच्याकडे बघवेना.

नवव्या दिवशी गुन्हेगार आलमबागच्या बस अड्ड्यावर साध्या वेशातल्या दोघांच्या हाती लागला. संध्याकाळी इन्स्पेक्टर हसतच माझ्या ऑफिसात आला.

“सर, कबूल कर लिया. कह रहा है सिपाही अपना आदमी था.”

मी त्या तरुणाची एकट्याने विचारपूस केली. त्याला चहा दिला, कारण उपाशी माणूस जे विचाराल त्याला हो म्हणतो. मग छाप्याच्या दिवशीची फर्द, म्हणजे आपल्याकडचा जप्तीचा पंचनामा, समोर उघडून ठेवली. तिच्यात लिहिलं होतं: एक रजई, बुटांचा एक जोड, उशीखाली एक भरलेला तमंचा.

“इशारा मिळणार हे तुला ठाऊक होतं?”

“हाँ साहब.”

“मग बूट का नाही घातलेस?”

त्याने चहाचा घोट घेतला.

“जानेवारीच्या थंडीत मोहरीच्या शेतातून अनवाणी पळालास. इशाऱ्याची वाट बघणारा माणूस बूट काढून झोपतो? आणि तमंचा? तो कुणासाठी ठेवून गेलास?”

त्याने चहाचा कप खाली ठेवला. “साहब, हम तो सो रहे थे. आँख पर उजाला पड़ा, लगा कि पुलिस सर पर खड़ी है, तो भागे. बड़े दरोगा जी ने कहा, सिपाही का नाम ले लो, तो हमने ले लिया. हमारा क्या जाता है.”

त्याचं खरोखरच काही जात नव्हतं. आमच्या खात्यात चोर सोडून संन्याशाला फाशी कशी दिली जाते, ते त्या चार शब्दांत होतं. त्या बड्या दरोग्याला, म्हणजे आमच्या इन्स्पेक्टरला, बोलावून मी जे सुनावलं ते इथे छापण्याजोगं नाही.

फितुरीचा आरोप ढासळला, पण शिपाई सुटला नव्हता. हलगर्जीपणाने बत्ती लावली, त्यामुळे गुन्हेगार पळाला आणि एक सहकारी मरता मरता वाचला, एवढं बडतर्फीला पुरेसं होतं. आणि बत्ती लागली कशी, हे मला अजूनही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या ठाण्यात गेलो तेव्हा ड्यूटीवर निघणारे शिपाई शस्त्रं घेत होते. हे दृश्य मी पस्तीस वर्षं पाहत आलो होतो. म्हणजे खरं तर पाहत नव्हतो. आमच्याकडे गर्दीत कुणी रायफल हिसकावू नये म्हणून शिपाई ती साखळीने कमरपट्ट्याला बांधून ठेवतात. ही साखळी प्रत्येक जण आपल्याच खर्चाने बाजारातून आणतो. बहुतेकदा ती कुत्र्याची असते. लांब असते, चालताना खुळखुळते. म्हणून मग ती रायफलीच्या पुढच्या भागाला एक वेढा देऊन घट्ट करायची, अशी पद्धत आहे. कुठल्या पुस्तकात लिहिलेली नाही, कुणी शिकवत नाही, पण सगळे करतात. समोरचा एक शिपाई तोच वेढा देत होता आणि साखळी बरोबर त्या रबरी पट्टीवरून जात होती.

मी जागच्या जागी थिजलो. रायफल मालखान्यात जमा झाली होती, पण साखळी शिपायाच्या कमरपट्ट्याबरोबर त्याच्या घरी गेली होती. आर्मोररने साखळीशिवाय तपासलं. मीही वीस वेळा साखळीशिवायच बसवलं. आणि समितीने टेबलावर, मैदानावर जेवढ्या म्हणून चाचण्या घेतल्या, त्यातही कुणाच्या कमरेला साखळी नव्हती, कारण मैदानावर रायफल कोण हिसकावणार?

शिपायाला घरून बोलावलं. “पट्टा आणि साखळी घेऊन ये. आणि त्या सकाळी जे जे केलंस ते सगळं पुन्हा कर. खोकला आला असेल तर खोक.”

सकाळचे अकरा वाजले होते. त्याने रिकामी रायफल घेतली, साखळी अडकवली, सवयीने वेढा दिला. दबकत चार पावलं टाकली आणि भिंतीशी एक गुडघा टेकून, रायफल पुढे धरून बसला. कंबर खाली गेली, साखळी ताणली, वेढा आवळला. समोरच्या सावलीतल्या भिंतीवर पांढरं गोल वर्तुळ उमटलं. त्याला स्वतःला ते कळलंही नाही, तो खाली मान घालून बसला होता.

“उठ,” मी म्हणालो. तो उठला, साखळी सैल पडली आणि वर्तुळ गेलं. “बस.” वर्तुळ आलं.

“जली?” त्याने विचारलं.

“जली.”

त्याने रायफल हलकेच खाली ठेवली आणि लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. आवाज होऊ नये म्हणून घेतलेल्या काळजीनेच त्याचा घात केला होता. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला मी भिंतीची तपासणी करत राहिलो.

आता अहवाल लिहायचा होता. त्यात ‘वापरास अत्यंत सोयीचा’ हे शब्द कुणाचे, हे लिहावंच लागणार होतं. निवृत्तीला सहा महिने उरले होते. उगाच खोटं कशाला सांगू, मनात आलं की ‘तांत्रिक कारणाने’ असं गुळमुळीत लिहून मोकळं व्हावं. संध्याकाळी लखनौच्या महानगर मोहल्ल्यातल्या घरी बायकोला सगळं सांगितलं. ती सब्जी चिरत होती.

“तांत्रिक कारण म्हणजे काय हो?” तिने विचारलं.

“म्हणजे कुणाचाच दोष नाही.”

“अच्छा. आणि लोक काय समजतील?”

“समजतील की एसीपीने शिपायाला सांभाळून घेतलं.”

“म्हणजे तो जन्मभर तुमच्या मेहेरबानीवर सुटलेला. बिचाऱ्याने केलं काय होतं?”

पस्तीस वर्षं कायदा शिकलो, पण मला इतकं सरळ कुणी समजावलं नव्हतं. मी रात्रीच्या जेवणाआधीच अहवाल पूर्ण केला. शिपाई पूर्ण निर्दोष. चूक निवड समितीची, आणि समितीचा प्रमुख मी.

वरिष्ठांनी बोलावलं तेव्हा घरी बसायची मनाची तयारी करून गेलो होतो. त्यांनी अहवाल दोनदा वाचला आणि चष्मा काढला. “बाकी ग्यारह राइफल पर भी यही लगा है?” मी हो म्हणालो. “तो आज ही उतरवाइए. और सिपाही को कल से ड्यूटी पर लीजिए.” मला लेखी समज मिळाली, ती मी मुकाट घेतली. बाहेर पडल्यावर जिन्यातच मला हसू फुटलं. इतकं हलकं मला बढतीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

नवा टॉर्च निवडायचं काम पुन्हा माझ्याच गळ्यात पडलं. या वेळी टेबल काढून टाकलं, सामोसे ठेवले. आठ शिपाई बोलावले, अंगावर स्वेटर, हातात मोजे, कमरेला आपापल्या साखळ्या, आणि सकाळच्या धुक्यात भिंतीवरून चढवले-उतरवले. एका तासात मला कळलं की सगळ्यात प्रखर टॉर्च धुक्यात सगळ्यात आंधळा असतो, उजेड उलटा आपल्याच डोळ्यांत येतो. हेही कळलं की रायफलीवर टॉर्च बसवला की शिपाई त्यानेच गाडीचा नंबरही वाचायला जातो आणि नळी आत बसलेल्या माणसावर रोखली जाते. म्हणून प्रत्येकाला खिशातला वेगळा टॉर्चही द्यावा, अशी शिफारस केली. तपासातही माझं हेच चुकलं होतं. वस्तू असो की माणूस, तो रोज जसा वावरतो तसा पाहिल्याशिवाय त्याच्याविषयी मत देऊ नये. मी आधी टॉर्च साखळीशिवाय पाहिला आणि नंतर शिपाईही साखळीशिवाय पाहिला.

त्या आठ जणांत तो शिपाईही होता, मी मुद्दाम बोलावला होता. शेवटी दोन नमुने उरले. एकाचा उजेड जास्त, बटण हलकं. दुसऱ्याचा उजेड मध्यम, आणि बटण खोलगट, कडक, मोज्यातल्या अंगठ्याने जोर लावून दाबावं लागणारं. बाकीच्यांना पहिला आवडला. मी त्याला विचारलं.

त्याने दुसरा उचलला, साखळीचा वेढा दिला, खाली बसला, उठला, पुन्हा बसला. मग अंगठ्याने बटण दाबून दिवा लावला आणि विझवला.

“यही ठीक है साहब,” तो म्हणाला. “इसमें बत्ती जलेगी, तो हमने ही जलाई होगी.”

मी तोच निवडला.