बाकामागची पाटी

रंजिताचं कानडी अक्षर निपाणीच्या शाळेत असल्यापासून नावाजलेलं. घरात मराठी, शाळेत कानडी, त्यामुळे दोन्ही भाषा तिला घरच्याच. लग्नानंतर ती जे. पी. नगरात आली. सोसायटीत कानडी बोलणारे पुष्कळ होते, पण पाटीवर सुबक लिहून देईल असं कुणी नव्हतं. मग पाणी जपून वापरा, कचरा इथे टाकू नका, अशा पाट्या तिच्याकडे यायला लागल्या. कुणी अक्षराचं कौतुक केलं की तिला दिवसभर पुरायचं.

दोन वर्षांपूर्वी तिने क्लबहाऊसमागच्या खोलीत रविवारचा वर्ग काढला. मराठी मुलखातून कामाला आलेली नऊ-दहा माणसं यायची. त्यांत उदगीरकडच्या ठकुबाई पन्नाशीच्या. त्यांना मराठीही वाचता येत नव्हतं. आयुष्यातली पहिली अक्षरं त्या कानडीच गिरवत होत्या. माहेरी फोन केला की रंजिता हटकून त्यांचं सांगायची.

त्या आठवड्यात तिने गृहपाठ दिला होता: येता-जाता दिसणारी एक पाटी वाचून यायचं. कुणी बसवरचं आनेकल वाचून आलं, कुणी यशवंतपूर. ठकुबाई उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि पाठ केल्यासारखं कानडीत म्हणाल्या, "घरकाम करणाऱ्यांनी या बाकावर बसू नये."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. अख्खं वाक्य कुणीच आणलं नव्हतं.

होंगेच्या, म्हणजे करंजाच्या झाडाखालचा बाक. सहा वर्षांपूर्वी असोसिएशनच्या रत्नाकरांनी मजकूर सांगितला होता आणि रंजिताने तो चहा घेता घेता निळ्या रंगात रंगवून दिला होता. ओळ सरळ आली की नाही, एवढंच तिने तेव्हा पाहिलं होतं.

बागकाम करणारा गुंडू हसला. तो बाक रोज आपणच धुतो, म्हणाला. धुतलेला चालतो, टेकलेलं चालत नाही. मग त्याने सहज विचारलं, "कुणी लिहिलं असंल ओ अक्का हे?"

रंजिता फळा पुसायला वळली. "असोसिएशननं पेंटरकडून लिहून घेतलं असेल."

फळा स्वच्छ झाला तरी ती पुसतच राहिली. मागे ठकुबाई काहीच बोलल्या नाहीत. नेहमी सगळ्यांच्या आधी बोलणारी बाई.

वर्ग सुटल्यावर रंजिता बाहेर आली तेव्हा ठकुबाई झाडाखाली उभ्या होत्या. वरच्या शिवानीकडे बाराला भांडी असायची. त्याआधीचा मोकळा तासभर त्या याच बाकावर पाय सोडून बसायच्या. गेली चार वर्षं रंजिता बाल्कनीतून बघत आली होती. वॉचमन मल्लाप्पाही कधी हटकायचा नाही. ज्यांच्यासाठी पाटी होती त्यांच्यातल्या कुणालाच ती वाचता येत नव्हती.

रंजिता बाकावर टेकली. "बसा ना, ठकुबाई."

"नको अक्का."

"अहो, रोज बसता की."

"तवा म्हाईत नव्हतं." त्यांनी पदराने मान पुसली. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "चार वर्सं बसले. येनारी-जानारी लोकं वाचत असतील, वर मला बसलेली बघत असतील. काय म्हनत असतील, ह्या बाईला लाज हाय का न्हाई?"

पाटी बरोबर रंजिताच्या डोक्यामागे होती.

"ती पाटी मी लिहिलीय," ती म्हणाली. "पेंटर नाही. वर्गात मी खोटं बोलले."

"ठावं हाय."

रंजिताने वर पाहिलं.

"तुमचंच अक्षर की. फळ्यावर बघून बघून डोळ्यात बसलंय. बाकीच्या पाट्या मला अजून धड लागत न्हाईत, ही एका दमात लागली." त्या ओशाळून हसल्या. "वर्गात बोलायचं नव्हतं मला ते. गुंडूनं इचारलं, मग गप ऱ्हायले."

आपण अजून बसलेलोच आहोत, हे रंजिताच्या तेव्हा ध्यानात आलं. ती उठली. बाक रिकामा झाला. आता तरी बसा म्हणायला तिची जीभ उचलेना, आणि पाटीकडे बघवेना.

वरून शिवानीने हाक मारली. ठकुबाई निघाल्या. चार पावलं जाऊन वळल्या आणि पुढच्या रविवारी काय वाचून आणायचं, ते विचारलं.