खंडेनवमीला कोंडलेली मोटार

भूत पाहिलेल्या माणसांबद्दल माझं मत फार वाईट आहे. तुमच्या या सदरात दर महिन्याला कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या मागून पैंजण वाजत येतात... मी वाचतो आणि बायकोला म्हणतो, ‘‘याला पित्त झालं असणार.’’ वयाच्या ऐंशीपर्यंत माझं हे मत टिकलं आहे. पुढचं वाचूनही ते बदलायचं कारण नाही, कारण मी काहीच पाहिलेलं नाही. माझ्या बाबतीत जे झालं ते अंधारात झालं, आणि तेही माझ्याच मूर्खपणामुळे.

निजामाचं राज्य होतं. पोलीस ॲक्शनच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट. कुंभार पिंपळगावला एका मारवाडी शेटजींची कापसाची जिनिंग होती, तिथे मी मोटारीवर ड्रायव्हर. पंचक्रोशीत मोटार एकच, त्यामुळे ड्रायव्हरही एकच, त्यामुळे माझं डोकं कुठे असायचं ते विचारू नका. टोपी तिरपी घालायचो. बैलगाडीवाल्यांना उगाच हॉर्न मारायचो. ‘‘बाजूला व्हा रे, यंत्र येऊन राह्यलं!’’

मोटार राहायची ती खोली म्हणजे पूर्वीचं सरकीचं गोदाम. दगडी भिंती, पुढे लोखंडी दार, आणि मागच्या भिंतीत उंचावर दोन गजांचा झरोका. बस्स. गाडी मी नाकासमोर आत घालायचो, म्हणजे बॉनेट बरोबर त्या झरोक्याखाली येई. आत विजेचा एक दिवा होता. जिनिंगच्या इंजिनावर डायनामो बसवलेला, इंजिन चालू तोवर सगळ्या आवारात उजेड.

आता खंडेनवमीचा दिवस. ज्याची जी हत्यारं असतील ती त्या दिवशी पुजायची आणि दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. इंजिनाचीही पूजा झाली आणि इंजिन बंद, म्हणजे संध्याकाळी दिवे बंद. मी पाने, जॅक, पंप, स्टार्टिंगचं हँडल असं सगळं धुऊनपुसून बॉनेटवर मांडलं. हँडलला लाल-पिवळा नाडा बांधला. झेंडूचा हार, नारळ, हळदीकुंकू. आणि मग... मला अक्कल सुचली. कौसाला, म्हणजे बायकोला, म्हणालो, ‘‘मोटारीचं खरं हत्यार कोणतं? किल्ली! लोहाराची हातोडी, तशी आपली किल्ली.’’ किल्ल्यांचा जुडगा ताटात ठेवला, वर अक्षता टाकल्या, नमस्कार केला, बाहेर आलो आणि कुलूप दाबलं.

दाबाचं कुलूप होतं. लावायला किल्ली लागत नाही. उघडायला लागते. ती जुडग्यात होती.

हे मला कळलं ते दिवेलागणीला. तोवर कळायची गरजच पडली नव्हती. पण कौसाला नववा महिना चालू होता, दुपारी कळा सुरू झाल्या आणि संध्याकाळी सुईणीने हात धुऊन सांगितलं, ‘‘पोर आडवं हाय. माझ्या हातचं न्हाई हे. जालन्याला न्या, जल्दी न्या.’’ जालना तिथून सतरा-अठरा कोस. बैलगाडीने दुसऱ्या दिवसाची दुपार. शेटजी हैदराबादला गेलेले आणि दुसरी किल्ली त्यांच्या कंबरेला. पण मुनीमजींनी लगेच मान हलवली. ‘‘ले जा रे बापूराव, गाडी ले जा. विचारायचं काय त्यात?’’

मी खिसा चाचपला. दुसरा चाचपला. टोपी काढून पाहिली — टोपीत किल्ली कशाला असेल?

‘‘काय झालं?’’ मुनीमजी म्हणाले.

‘‘पूजेत हाय.’’

‘‘कोण?’’

‘‘किल्ली.’’

मुनीमजींनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं त्याआधी फक्त भिजलेल्या कापसाकडे पाहताना मी त्यांना पाहिलं होतं.

कौसाला बाजेवर घालून गॅरेजच्या दारापर्यंत आणली होती. तिने सगळं ऐकलं. दोन कळांच्या मधे म्हणाली, ‘‘आवो, देवापुढं ठिवली ना किल्ली? मंग आता देवालाच म्हणा, दार उघड.’’

पळत किसन लोहाराकडे गेलो. म्हटलं, घण घेऊन चल. त्याने ऐरणीकडे बोट दाखवलं. घण, हातोडी, छिन्नी सगळं झेंडूत बुडालेलं. ‘‘आज हत्यार उचललं तर वरीसभर हात चालत न्हाई, बापूराव.’’

‘‘तिकडं बायको मरून राह्यली माझी!’’

‘‘तसं असंल तर देवीला कौल लावतो. दिला तर येतो.’’

मी त्याला काय म्हणालो ते छापू नका. सुताराकडे गेलो नाही, तिथेही झेंडूच असणार. येताना वाटेतला एक धोंडा उचलला आणि कुलपावर घातला. कुलपाला चरा पडला नाही, माझा अंगठा मात्र फुटला. बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी म्हणालं, ‘‘याला पण बसवा गं गाडीत.’’

अंधार पडला होता. आवारात एकच कंदील, तो कौसाच्या बाजेपाशी. तिचा आवाज आता बारीक होत चालला होता. ओरडत होती तोवर मला धीर होता, खरं सांगतो.

मग झरोका आठवला. मुनीमजींच्या हातातली छत्री ओढली आणि मागे पळालो. तेलाचा रिकामा पिंप उपडा घालून वर चढलो. छत्रीची मूठ वाकडी; ती खाली सोडून ताटातला जुडगा अडकवायचा, असा बेत. मुनीमजींनी छत्री घेतली त्या दिवसापासून तिची बांधायची पट्टी तुटलेली, त्यामुळे कापड फडफडायचं. दोनदा गजात अडकली. जोर लावून कशीबशी आत घातली. झरोका एवढासा की हात घातला तर डोकं घालता येत नाही, आणि घालून दिसणार काय होतं? काळोख. चाचपत राहिलो. मूठ नारळाला लागली. पान्याला लागली. ताट वाजलं.

आणि छत्री कुणीतरी धरली.

ओढली नाही हो. धरली. पाहुणा दारात आला की आपण त्याच्या हातातली छत्री घेतो ना — ‘द्या इकडे’ — तशी. इतकी सहज की मी सोडून दिली! पडल्याचा आवाज नाही, काही नाही.

तुम्हाला वाटेल मी घाबरलो. छे. मला वाटलं, आत चाऊस आहे. चाऊस म्हणजे फाटकावरचा पहारेकरी. कुठेही झोपणारा माणूस, एकदा सरकीच्या ढिगात झोपलेला सापडला होता. पूजेच्या गडबडीत आत शिरून गाडीत आडवा झाला असणार, आणि मी त्याला कोंडला असणार. माझं डोकंच फिरलं. ‘‘मुडद्या! गाढवाच्या लेका! मघापासून दार बडवून राह्यलो, तुझे कान काय कुत्र्यानं नेले? तिकडं माझी बायको जीव सोडून राह्यली अन्‌ तू आत लोळतोस? दे किल्ली, न्हाई तर उद्या तुझी दाढी इंजिनाच्या पट्ट्यात घालतो!’’ आणखीही बरंच. आईवरून, बापावरून, सगळ्या खानदानावरून.

मग छत्रीची मूठ अलगद वर आली, दोन गजांच्या बरोबर मधोमध. तिला जुडगा अडकवलेला.

‘‘आता शहाणा झालास!’’ म्हणालो, छत्री जुडग्यासकट बाहेर ओढली आणि उडी मारून पुढे धावलो. आभार मानायची पद्धत माझ्यात तेव्हाही नव्हती.

पुढे येऊन कुलूप काढलं, दार उघडलं. ‘‘चल, हो बाहेर!’’ कुणी बाहेर आलं नाही. कंदील आत धरणारा हात माझ्या खांद्यावरून आला. मी वळून पाहिलं... चाऊस.

‘‘तू... तू आत होतास ना?’’

‘‘क्या बोलता भाई? मैं तो कब से यहींच खडा हूँ, बाई के पास, कंदील पकडके. पीछे किसको गालियाँ दे रहा था?’’

आत फक्त मोटार होती. मागच्या सीटवर कुणी नाही, खाली कुणी नाही. विचार करायला वेळही नव्हता. ताट, नारळ, पाने हाताने एका बाजूला ढकलले, हँडल मारलं आणि गाडी काढली. कौसाला, सुईणीला मागे घातलं. फाटकातून बाहेर पडतो तर समोरून किसन लोहार घण घेऊन धावत येतोय, ‘‘दिला! कौल दिला!’’ मी त्यालाही हॉर्न मारला.

जालन्याला पोचलो. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नंतर मला बाहेर बोलावून सांगितलं, आणखी तासभर उशीर झाला असता तर दोघींतली एकच हाती लागली असती, कदाचित तीही नाही. दोघी म्हणजे कौसा आणि मुलगी. दोघी वाचल्या.

सकाळी व्हरांड्यात बसलो होतो. मुनीमजींची छत्री शेजारी होती, घाईत गाडीत टाकलेली. तिच्याकडे सहज पाहिलं आणि पाहतच राहिलो. छत्री गुंडाळलेली होती. व्यवस्थित, घडीवर घडी. आणि वरून नाड्याने बांधलेली, लाल-पिवळ्या. गाडीपाशी जाऊन हँडल पाहिलं, त्याचा नाडा गायब. म्हणजे बाहेर काढताना कापड पुन्हा गजात अडकू नये, एवढा विचार त्या अंधारात कुणीतरी केला होता. तो मी नव्हतो. माझा त्या दिवसाचा विचारांचा साठा सकाळी पूजेतच संपला होता.

मग काय, गावाला ऊत आला. मुनीमजी म्हणाले, शेटजींचे आजोबा. चाऊस म्हणाला, कोई बुजुर्ग. किसन म्हणाला, देवीनेच कौल दिला, म्हणजे श्रेय कौल लावणाऱ्यालाच. शिकलेला एक मास्तर म्हणाला, मूठ आपोआप अडकली असेल. त्याला मी विचारलं, गाठही आपोआप बसली का? तो म्हणाला, मनावर ताण असला की माणसाला असे भास होतात. छत्रीच्याही मनावर ताण होता असं दिसतंय! एकेकाची अक्कल अशी. माझी तर तुम्ही पाहिलीच.

मला स्वतःला कारण सापडलेलं नाही. खोलीला दुसरं दार नव्हतं, जमीन दगडी होती, आणि तेवढ्या झरोक्यातून मांजर गेलं असतं, माणूस नाही. इतक्या वर्षांत हजारदा तो विचार करून झाला. शेवटी थकून एकदा कौसालाच विचारलं, ‘‘तुला काय वाटतं, कोण असंल?’’

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘कोण का असंना. तुम्ही त्याच्या आयबापाचा उद्धार केला, ते मला पुढं बाजेवर ऐकू येत व्हतं. तरी त्यानं किल्ली दिली. तुम्ही आत असता तर दिली असती का?’’

याचं उत्तर मात्र मला लगेच सापडलं. नसती दिली.