टिकल्या लावलेला कीबोर्ड

फोन आला तेव्हा कळमनुरीतली आमची गिरणी चालू होती. पट्ट्याच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून बाहेर आले. नांदेडच्या दवाखान्यातून माझे यजमान बोलत होते. "ताई गेली," एवढंच म्हणाले. आत एका म्हातारीचं दळण निम्म्यात होतं. ते पुरं केलं, डबा भरून दिला आणि मग गिरणी बंद केली. यावर लोक बोलले. कौसाताई, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, बोलल्या नसत्या. अर्धं काम टाकून आलेलं माणूस त्यांना खपत नसे.

त्यांचे यजमान लवकर वारले. ताई आमच्याकडे राहायला आल्या, अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागल्या आणि देवळातल्या भजनात पेटी शिकल्या. माझा आवाज गिरणीपुढं बोलून बोलून मोठा झालेला. आम्ही दोघी लग्नांत मंगलाष्टकांना जाऊ लागलो. मी म्हणायची, त्या वाजवायच्या. पुढं लोकांना मध्ये बासरी हवी, शेवटी सनई हवी, असं झालं, तेव्हा पेटी जाऊन कीबोर्ड आला. त्यात एकेका वाद्याच्या आवाजाला टोन म्हणतात. बटण दाबलं की टोन बदलतो. आमच्या कीबोर्डचं दुखणं एकच होतं, टोन बदलला की धरलेला सूर कचकन तुटायचा. क्षणभर सगळं गप्प... ताई त्या जागी हळूच खोकायच्या.

सिद्धेश्वर धरणाजवळच्या एका गावात हे खोकणं पुरलं नाही. चौथं मंगलाष्टक झालं, ताईंनी बासरीचं बटण दाबलं, सूर तुटला आणि मी नेमका तेव्हाच श्वास घेतला. बँडवाल्यांना वाटलं, संपलं. त्यांनी दणक्यात सुरुवात केली. धरणाऱ्यांनी अंतरपाट सोडला, लोकांनी मुठीतल्या साऱ्या अक्षता उधळल्या, नवरीनं हारही घातला. दोन मंगलाष्टकं माझ्या तोंडातच राहिली.

"गुरुजी, लग्न लागलं का न्हाई?" नवरीच्या वडिलांनी घाबरून विचारलं.

"लागलं, लागलं. पंगत बसवा."

सगळे हसले, मीही हसले. पण पंगतीत नवरीची आत्या आम्हाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "रिकाम्या कपाळाची बाई बसवली वाजवायला. सूर तुटंन न्हाई तर काय व्हईल?"

ताईंनी जिलबी मागून घेतली आणि शांतपणे जेवल्या. परतताना एसटीत मला म्हणाल्या, "वैनी, खरं सांगा. दोष बटणाचा का कपाळाचा?"

"बटणाचा."

"मंग ते दाखवून देऊ. बोलून न्हाई, वाजवून."

त्या हंगामात दोन घरांतून निरोप आले, की तुम्ही एकट्याच या, वाजवणाऱ्या बाई नकोत. मी गेले नाही. आम्ही कीबोर्ड शोधायला लागलो.

आधी हिंगोलीतली दुकानं पाहिली, मग नांदेडची. ताईंची परीक्षा ठरलेली. त्या 'सा' दाबून धरायच्या आणि दुकानदाराला टोन बदलायला लावायच्या. धरलेला सूर जुन्या टोनमध्ये चालूच राहिला पाहिजे, आणि पुढची पट्टी दाबली की नवा टोन आला पाहिजे. एकानं आम्हाला मोठा झगमगता कीबोर्ड काढून दाखवला.

"मावशी, यात पाचशे टोन हैत. आन् ह्या बघा लाइटी!"

"लाइटी मांडववाला लावतो. मला तीनच टोन पायजेत. दाबा बटण."

सूर तुटला.

"एवढ्याशानं काय व्हतंय? कुणाच्या ध्यानात बी येत न्हाई."

"आमचं अख्खं लग्न लागून गेलं तेवढ्यात," ताई म्हणाल्या आणि उठल्या.

दुसऱ्या एकात सूर टिकायचा, पण टोन शोधायला पडद्यावर यादी वाचत बसावं लागायचं. तोही नको. शेवटी ऑर्केस्ट्रा सोडलेल्या एका माणसाकडे जुना मिळाला. दिवे नाहीत, एका पट्टीचा टवका उडालेला, पण बटणं समोर आणि सूर सलग. ताईंनी अकरा वेळा करून पाहिलं. मग आठवडी बाजारात जाऊन त्यांनी टिकल्यांचं पाकीट घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "कुणासाठी मावशी?" कासारणीनं विचारलं. "मशिनीसाठी," म्हणाल्या. पेटीच्या बटणावर लाल टिकली, बासरीच्या हिरवी, सनईच्या पिवळी.

पुढची लग्नं नीट झाली. टोन कधी बदलला, कुणाच्या ध्यानात आलं नाही. तेच पाहिजे होतं. पण त्या आत्याबाईच्या कानावर ते पडायचं राहिलं, आणि ताईंचं पोटाचं जुनं दुखणं वाढलं. कॉटवर पडून त्या मला शिकवायच्या. "बोटं हैत का वरवंटा? सोडू नका, धरून ठिवा. आता दाबा!" त्याच घरी धाकट्या मुलीचं लग्न ठरल्याचं कळलं तेव्हा म्हणाल्या, "तिथं जायचं. मी असले तर मी, न्हाईतर तुमी."

त्या गेल्यावर मीच नवरीच्या वडिलांना फोन लावला. म्हटलं, मागच्या खेपेची दोन मंगलाष्टकं देणं आहे, येऊन म्हणते. ते हसले आणि या म्हणाले.

लग्न गेल्या आठवड्यात झालं. आत्याबाई पुढंच उभ्या होत्या. कीबोर्ड लावताना पाहिलं तर उन्हानं डिंक सुटून पिवळी टिकली पडलेली. सारखी दिसणारी बटणं, आणि गाता गाता सनईचं नेमकं सापडायला हवं... ताईंचं पाकीट घरी राहिलेलं. मी माझ्या कपाळावरची काढली आणि बटणावर लावली. बायका बघायला लागल्या. आत्याबाई म्हणाल्या, "अगं बाई, काहून काढली? लग्नात असं करतेत व्हय?"

"ऐका आता," मी म्हटलं.

सहाच्या सहा मंगलाष्टकं झाली. दोनदा टोन बदलला. सूर तुटला नाही, आणि बँडवाले गुरुजींनी हात वर करेपर्यंत थांबले.

घरी येऊन कीबोर्ड ताईंच्या खोलीत जागेवर ठेवला. त्यांच्या उशाला ते पाकीट होतं. त्यातली एक काढून मी कपाळाला लावली आणि गिरणी उघडायला गेले.