सोपानरावाला पडके किल्ले फार आवडतात

चहा लोक पिऊन जातात, चोथा गाळणीत राहतो. किस्स्यांचं तसंच आहे. अंबडच्या कोर्टासमोरच्या हाटेलात आम्ही चौघं रोज सकाळी बसतो. तारखेला आलेली माणसं चहा पितात, भांडतात, निघून जातात. चोथा आमच्याकडं जमा! मी चौथीनंतर शाळेचं तोंड बघितलं न्हाई, त्यामुळं डोक्यात जागा भरपूर. दुसऱ्यांचे लई किस्से सांगून झाले. ह्या टायमाला आमचेच ऐका.

चौघं म्हणजे एक मी. दुसरे गुरुजी. रिटायर होऊन जमाना झाला, पण अजून हाटेलात कोणी मोठ्यानं बोललं की टेबलावर हात आपटतात. तिसरा गफ्फारभाई, अंबड-जालना रोडवर स्वतःची जीप चालवतो. अन् चौथा सोपानराव. मोसंबीची बाग आहे, तोंड मात्र लिंबाचं.

ह्या सोपानरावाच्या धाकट्या पोरीनं, सवितानं, पणजीला नोकरी धरली अन् तिथल्याच अँथनी नावाच्या पोराशी लगीन केलं. सोपानराव म्हणला, "तिचं तोंड बघणार न्हाई." पाच वर्षं बघितलं न्हाई. वहिनी मोसंबीच्या झाडाआड जाऊन पोरीशी फोनवर बोलायच्या. आख्ख्या अंबडला माहीत. सोपानरावाला बी माहीत. फोन वाजला की हा मुकाट्यानं विहिरीवरची मोटार बघायला निघून जायचा, लाईट नसली तरी!

यंदा वहिनींनी आम्हाला गाठलं. "भावजी, माझ्या गुडघ्यानं मला ओटा चढवत न्हाई, मी काय पणजीला जाते? ह्यांना कसं बी करून पोरीच्या दारात नेऊन उभं करा. पुढचं ती बघून घेईल."

सरळ "पणजीला चल" म्हणलं असतं तर त्यानं आम्हाला बागेतून हाकललं असतं. म्हणून गुरुजींनी डोकं चालवलं. "समुद्रकाठचे प्राचीन अवशेष बघायला जाऊ. पडके किल्ले, पोर्तुगिजांची शहरं. माणसानं इतिहास बघावा."

सोपानराव म्हणला, "शेवट कुठं?"

"गोवा."

"बरं," म्हणला, अन् भिंतीकडं तोंड करून चहा संपवला. त्याला सगळं कळलं होतं. त्याला कळलं हे आम्हाला बी कळलं. पण बोलायचं कोणी न्हाई. आपल्याकडं रीतच आहे तशी.

*

निघायच्या दिवशी पहिला तमाशा गफ्फारभाईचा.

आम्ही तिघं जीपमध्ये बसलो, पिशव्या ठेवल्या, नारळ फोडला. गाडी हलेना. बघतो तर गफ्फारभाई दाराला लटकून ओरडून राह्यला, "चला पाचोड, पाचोड, पाचोड!"

गुरुजी म्हणले, "अहो, ही सहल आहे!"

"गुरुजी, सहल रहने दो न्हाई तो बारात. बिना सवारी के गाडी निकालना मेरे कू आताइच नै!"

गाडी भरंपर्यंत ऊन वर आलं. पाचोडला नऊ माणसं उतरवली, तवा कुठं आमच्या सहलीला सुरुवात झाली.

अन् ही खोड कोकणात बी सुटली न्हाई! रेवदंड्याच्या अलीकडं एका फाट्यावर कोळीण उभी होती, डोक्यावर माशांची पाटी. गफ्फारभाईचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. बाई चढली, पाटी मांडीवर घेतली अन् बसली कुठं? गुरुजींना खेटून. गुरुजी माळकरी. त्यांनी उपरणं नाकाला लावलं, डोळे मिटले, ओठ हलायला लागले.

दोन मैल गेल्यावर बाईनं बी पदर नाकाला लावला. म्हणली, "काय मेल्यांनो, कसला हा वास मारतोय गाडीत? कसं बसता हो तुम्ही?"

आमच्या घरून लसणाचा ठेचा आल्ता. बरणीचं झाकण निघालं होतं.

*

रेवदंड्याला समुद्र दिसला. चौघांनी बी पहिल्यांदाच बघितला. मला वाटलं, काहीतरी बोलावं माणसानं. सोपानराव पाण्यात उतरला, ओंजळ भरली, जिभेला लावली, थुंकला.

"एवढं पाणी, अन् एका झाडाला घालता येत न्हाई! बिनकामाचा माल."

एवढं बोलून समुद्र बघून झाला.

मंग आम्ही पोर्तुगिजांचं पडकं गाव बघायला गेलो. छप्पर उडालेली देवळं त्यांची, कमानी, जाड जाड भिंती अन् मधी नारळी-पोफळी. गुरुजींना लई आनंद. दिसंल त्या दगडाला हात लावून "सोळावं शतक" म्हणायचे. एक पोरगा-पोरगी खिळ्यानं भिंतीवर नावं कोरून राह्यली होती. गुरुजींचा पारा चढला.

"ए, इकडं ये! ही भिंत तुझ्या बापाची आहे का? धर कान!"

पोरानं खरंच कान धरले! पोरीनं बी धरले. गुरुजींनी राष्ट्रीय संपत्ती, पूर्वजांचा ठेवा, सगळं पाठ म्हणून दाखवलं. मी आपला सावलीला भिंतीला टेकलो होतो. डोक्याजवळ बघतो तर कोरलेलं, 'बंडू, अंबड.' चांगलं बोटभर खोल.

म्हणलं, "गुरुजी, जरा इकडं बघा. आपल्या गावाचा ठेवा."

गुरुजी आले. चष्मा वर केला, खाली केला. त्या पोरांकडं एकदा बघितलं. मंग हळूच मला म्हणले, "माझ्याच वर्गातला आहे. अक्षर मात्र कसं वळणदार ठेवलंय बघा!"

*

आता सोपानरावाचं सांगतो. ह्या माणसाच्या घरापासून रामदास स्वामींचं जांब समर्थ किती लांब? जीपमध्ये डुलकी लागायच्या आत येतं. तिथं हा जन्मात गेला न्हाई. का? तर "चपला सांभाळायला कोणी नसतं." अन् कोकणात आल्यापासून ह्याला एकाएकी इतिहास चावला!

जसजशी पणजी जवळ यायला लागली, तसतसं ह्याचं किल्ल्यांवरचं प्रेम वाढायला लागलं. रस्त्यानं एखादी पडकी भिंत दिसली की, "थांबव, बघू." एका ठिकाणी तर उतरून बघितलं तर ती कोणाच्या तरी बंद पडलेल्या भट्टीची निघाली. तिला बी हा चक्कर मारून आला.

विजयदुर्गाला त्यानं कहर केला. आख्खा किल्ला फिरलो. माझ्या पायात गोळे आले. खाली उतरलो तर म्हणतो, "तो बुरूज नीट बघितला न्हाई." परत वर!

मी म्हणलो, "काय बघायचं त्याच्यात?"

"त्याच्या मागं काय हाये?"

"समुद्र."

"अन् समुद्राच्या मागं?"

गफ्फारभाई म्हणला, "अरबस्तान."

"मंग तिकडं बी जाऊन येऊ. आलोच हायेत तर."

गफ्फारभाई माझ्या कानाशी येऊन म्हणला, "ये आदमी हज कर लेगा, लेकिन पणजी नै जायेगा!"

*

गोव्यात शिरलो, अन् मुक्कामाला एका जुन्या साहेबी बंगल्यात गेलो. गुरुजींनी फोनवर ठरवलं होतं. मालक दारात हसत उभा. आम्हाला घर दाखवायला लागला. "ही भेग बघा, दीडशे वर्षांची. ही फरशी हलते, ओरिजिनल आहे. हे कवाड लागत नाही, आम्ही मुद्दाम तसंच ठेवलंय." मंग भाडं सांगितलं. गफ्फारभाई खालीच बसला.

आमच्याकडं असल्या घराला नगरपालिका नोटीस चिकटवते. इथं त्याला 'हेरिटेज' म्हणतात अन् भाडं जास्ती लावतात!

सोपानराव वर गळक्या छताकडं बघत राह्यला. "मंग मी गोठा दुरुस्त कामून केला?"

*

दुसऱ्या दिवशी जुन्या गोव्याला गेलो. केवढी ती चर्चं! आत गार, अंधारं. बाहेर मात्र कलकलाट. फोटोवाले चर्चकडं पाठ करून चर्चचा फोटो काढतात, ही विद्या मला अजून समजली न्हाई. मागं डोळे असतेत काय?

सोपानराव आत जाऊन एका बाकावर बसला. मला वाटलं पाय दुखत असतील. मी बी बसलो. त्यानं पुढच्या बाकावरून हात फिरवला. मंग म्हणला, "सवीचं लगीन असल्याच ठिकाणी लागलं आसंल का?"

पाच वर्षांत पहिल्यांदा पोरीचं नाव तोंडातून आलं. पण मी कशाला नरमतो! म्हणलं, "मला काय इचारतो? मी काय वऱ्हाडात होतो?"

"न्हाई, म्हणलं, बाक हायेत. इथं अक्षदा टाकायला उभं कुठं राहतेत?"

"टाकत नसतील."

"मंग पोरीच्या मागं मामा कुठं उभा राहतो?"

"सोपानराव, पणजी इथून हाकेवर हाये. तिलाच इचार की!"

तो ताडकन उठला. "चल, तिकडं तो पडका मनोरा राह्यला बघायचा!"

मनोरा बघितला. त्याच्या बाजूचे दगड बघितले. गवत बघितलं. ऊन असं की डोक्यावर तवा ठेवल्यावाणी. अंगातून घामाच्या धारा अन् सोपानराव प्रत्येक दगडापुढं उभा! शेवटी गुरुजींनी टाळी वाजवली. "संपले. आता गोव्यात एकही अवशेष शिल्लक नाही."

हे खोटं होतं. पण मास्तर म्हणल्यावर सोपानरावानं मानलं.

*

पणजीत जुन्या वस्तीत गल्लीच्या गल्ली रंगीत घरांची. पिवळी, निळी, लाल, पोर्तुगिजांच्या टायमाची. जीप आत जाईना. गफ्फारभाईनं ती तोंडाशीच लावली अन् आम्ही पायी निघालो. सविताचं घर निळं, एवढंच वहिनींनी सांगितलं होतं. अर्धी गल्ली निळी!

पण शोधायची गरज पडली न्हाई. एका निळ्या घराच्या पायरीवर एक जोडपं फोटो काढून राह्यलं होतं. तेवढ्यात दार उघडलं अन् बाई कडाडली, "ही पायरी फोटोला ठेवली न्हाई! घर हाये हे, जत्रा न्हाई! उठा!"

हा आवाज गोव्याचा नव्हता. पक्का अंबडचा!

जोडपं पळालं. पायरी रिकामी झाली, अन् समोर आम्ही चौघं उभे. सविताच्या हातातला झाडू हातातच राह्यला.

"आण्णा," म्हणली. मंग बाकीच्यांकडं बघितलं. "काका, गुरुजी, चाचा... या. आत या."

आम्ही तिघं गेलो. सोपानराव दाराबाहेरच्या दगडी बाकावर बसला. "मला हितंच बरं हाये."

अँथनी बाहेर आला. उंच, काळासावळा, हसऱ्या तोंडाचा. त्यानं सोपानरावाला वाकून नमस्कार केला. सोपानराव समोरच्या घराच्या खिडकीकडं बघत म्हणला, "जुनी दिसती खिडकी."

सवितानं पाणी आणलं. तांब्या अन् पेले. गफ्फारभाईनं तीन पेले रिचवले, "बेटी, और एक." गुरुजी प्यायले. मी प्यायलो. मंग उंबऱ्याच्या आत उभं राहूनच तिनं बाहेर सोपानरावापुढं पेला धरला, त्यानं मान आडवी हलवली.

त्यानं जुन्या गोव्यापासून घोटभर पाणी प्यायलं नव्हतं. ओठाला पापुद्रे आल्ते. पण आमच्याकडं रीत आहे. लेकीला लेकरू होईपर्यंत बाप लेकीच्या घरचं पाणी पीत न्हाई. आता कोणी पाळत न्हाई, पण हा पाळतो. थोरली जाफराबादला दिली, तिला पोरगं होईस्तोवर हा तिथं भर उन्हात तहानलेला बसून परत यायचा. सविताला अजून लेकरू न्हाई.

मी म्हणलो, "अगं, ती रीत... तुला माहीत हाये की."

"हाये ना माहीत," सविता म्हणली. पेला तसाच बापाच्या तोंडापुढं. "पण काका, ती रीत लेकीच्या घरची. ह्यांनी तर माझ्या लग्नाच्या वक्ताला आख्ख्या गल्लीला सांगितलं, मला एकच लेक, जाफराबादची. दुसरी न्हाईच. खरं का खोटं?"

 खोटं थोडंच होतं!

"मंग हे घर परक्याचं. परक्याच्या दारात तहानलेला माणूस खुशाल पाणी पेतो, त्याला काय बी आडकाठी न्हाई. घ्या आण्णा. प्या!"

गफ्फारभाईचा चौथा पेला तोंडापाशी थांबला. अँथनीला काही समजलं न्हाई. तो बिचारा कोकणीत बायकोला विचारायला लागला, पाणी थंड करून आणू का? सवितानं पेला खाली केला न्हाई. बापाचीच पोरगी!

सोपानराव पेल्याकडं बघत राह्यला. जिभेनं ओठ ओले केले. मंग गुडघ्यावर हात ठेवून उठला. चपला काढल्या, भिंतीला नीट लावून ठेवल्या. उंबरा ओलांडून आत आला. तिच्या हातातला पेला घेतला अन् बाजूच्या फळीवर ठेवून दिला.

"न्हाई," म्हणला. "लेकीच्या घरचं पाणी मी पीत न्हाई!"