वत्सलाकाकूंची दुसरी गोळी

सकाळी त्यांच्या घरी डोकावलं की वत्सलाकाकू नडगीवर अंगठा दाबून बसलेल्या असायच्या. अंगठा काढला की तिथं खळगा राहायचा. मग माझ्याकडे न बघताच निकाल द्यायच्या, "पाह्य, आज भरूनच नाही राह्यला बा."

काकू अकोल्याच्या. बँकेतल्या मुलाची बदली झाली म्हणून दूर उत्तरेत, झिरकपूरला आमच्या शेजारी आलेल्या. हृदय फार थकलेलं. पाणी पायांत साठायचं, मग छातीत. एका गोळीनं भागेना, तेव्हा डॉक्टरांनी जोडीला दुसरी दिली. पहिली मूत्रपिंडातून मीठ-पाणी बाहेर सोडते. पण शरीर लबाड, पुढच्या वळणावर ते परत ओढून घेतं. दुसरी ते वळण बंद करते. दोघींचा जोर भारी, सारखं लघवीला पळवणारा आणि क्षारही वाहून नेणारा, म्हणून रक्तातले क्षार वरचेवर तपासायचे.

तपासणीला न्यायचं काम माझं. मी शेजारच्या शहरात, सेक्टर ३९ मधल्या प्रयोगशाळेतला सरकारी शास्त्रज्ञ. काकूंच्या लेखी माझी विद्वत्ता एवढीच, की मला गाडी चालवता येते. झिरकपूरचा जाम म्हणजे तासभराची निश्चिती. "ते गोळी खाऊन जाममधी बसू का मी? कुठं उतरू, सांग!" म्हणून कुठंही जायचं ठरलं की दोन दिवस आधीपासून दुसरी गोळी बंद. आणि काकूंना रोज कुठंतरी जायचं असे. गोळ्या तपासायला जायचं म्हणून गोळ्या चुकवायच्या! मला ही युक्ती इतकी आवडली, की मी ती ऑफिसात रंगवून सांगितली.

डॉक्टर विचारायचे, "माताजी, दोनों रोज़ लेते हो ना?"

"हां जी, रोज!"

ते माझ्याकडे बघायचे. मी मान डोलवायचो, तीही शास्त्रज्ञाच्या रुबाबात.

क्षार ठीक, सूज मात्र तशीच. डॉक्टरांनी दुसऱ्या गोळीचं प्रमाण वाढवलं. त्याच आठवड्यात आडवं पडलं की काकूंना दम लागू लागला. घाबरून त्यांनी बाहेर जाणं सोडलं आणि प्रथमच दोन्ही गोळ्या नेमानं घेतल्या. थोड्याच दिवसांत पायांत गोळे आले, बोलणं भरकटलं. मलाच विचारलं, "तू कोणाचा रे?"

दवाखान्यात भरती केलं, तर रक्तातले क्षार पार उतरलेले. वॉर्डात मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "मैं तो उन माताजी का इलाज करता रहा," ते म्हणाले, "जो सिर्फ़ आप दोनों की बातों में रोज़ गोलियाँ लेती थीं."

काकू शुद्धीवर आल्या. "सांगून देलं ना तू?"

"हो."

"मंग आता घरातच राह्यतो. बाथरूमच्या दाराशी खुर्ची टाकून."

गोळ्या पुन्हा बेतानं सुरू झाल्या. मी एका रविवारी झिरकपूरपासून दवाखान्यापर्यंत गाडी हाकत गेलो. दोन पेट्रोल पंप, एक गुरुद्वारा, एक मिठाईवाला. सगळीकडे उतरून, बाथरूम बघून, काकूंना वापरू द्याल का ते विचारून आलो. "काकू, आता कुठंही चला," मी आनंदानं म्हणालो.

खुर्चीतून उठायचं तर त्यांना दोनदा थांबावं लागत होतं. रक्त न्यायला माणूस आता घरीच यायचा. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. पंपाचं बाथरूम स्वच्छ आहे का, तेही विचारलं. मग श्वास गोळा करत म्हणाल्या, "हे पह्यले नाही सुचलं का रे तुले?"