न खेळता केलेली शिफारस

आक्कांनी एकेचाळीस वर्षं पुस्तकं बांधली. वाचनालयाच्या मागच्या खोलीत लांब टेबल, खळीचं भांडं, सुया, दोरा आणि पुस्तकं दाबायचा लोखंडी दाब, एवढा त्यांचा कारभार. सगळ्यात जास्त रहस्यकथा यायच्या, कारण त्याच सगळ्यात जास्त फाटायच्या. फाटण्यातही तऱ्हा होती. इतर कादंबऱ्यांची पहिली पानं सुटतात, रहस्यकथेचं शेवटचं प्रकरण आधी सुटतं. लोक खुनी बघायला मागून उघडतात. "चोर सगळे," असं म्हणून आक्का सुईत दोरा ओवायच्या. खळ वाळेपर्यंत तेच पुस्तक स्वतः वाचायच्या, पहिल्या पानापासून.

निवृत्त झाल्यावर भाचीने तिचं जुनं खेळाचं यंत्र त्यांच्या टीव्हीला जोडून दिलं. "मावशी, यात खून होतात आणि शोध तुलाच लावायचा. पुस्तकातल्यासारखा आयता हेर मिळत नाही," ती म्हणाली.

पहिले चार दिवस नुसतं चालायला शिकण्यात गेले. पडद्यावरचा माणूस भिंतीला नाक घासत उभा राही आणि आक्का त्याला शिव्या घालत. पण हात एकदा बसला की बसला. दोन वर्षांत त्यांनी सात खेळ शेवटपर्यंत नेले. प्रत्येक खेळाची वेगळी वही. कुठे अडलो, किती दिवस अडलो, खेळाने लबाडी केली की आपलंच लक्ष नव्हतं, सगळं टिपलेलं. अडलेल्याला इशारा देणारं एक बटण असतं. ते त्यांनी एकदाही दाबलं नाही.

म्हणून वाचनालयाने खेळही घरी द्यायचं ठरवलं, तेव्हा ग्रंथपाल त्यांच्याकडेच आला. आक्कांच्या मुलाच्या वयाचा, सदा घाईत असलेला माणूस.

"रहस्यकथा वाचणाऱ्यांसाठी यादी करून द्या, आक्का. तुमचं नाव बघून लोक डोळे मिटून नेतील."

"कधीपर्यंत?"

"पुढच्या शनिवारी. तीस खेळ आलेत."

"मी सात खेळलेय."

"बाकीच्यांचं डब्यामागे लिहिलेलं असतं की."

"पाण्यात न उतरता पोहायला शिकवणारे खूप आहेत," आक्का म्हणाल्या. "मी सातच देईन."

तो हसला. आक्कांना ते हसणं होकाराचं वाटलं. तिथे त्या चुकल्या.

त्याच आठवड्यात मास्तर भेटले. गणिताचे निवृत्त मास्तर, आक्कांनी बांधलेलं पुस्तक खळीचा वास असतानाच घेऊन जाणारे. मागून कधीच न उघडणारा एवढा एकच वाचक आक्कांना माहीत होता. वर्षभरात त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग धरला होता. कडेचं दिसे, पण ज्या अक्षराकडे बघावं तेच पुसलं जाई. भिंग झालं, जाड चष्मा झाला, उपयोग शून्य.

"सून वाचून दाखवते," मास्तर म्हणाले, "पण वर्णनं गाळते. आणि पुरावा असतो वर्णनातच. आक्का, माझा टीव्ही मोठा आहे, नातवाचं यंत्रही आहे. तुमच्या खेळांपैकी एखादा जमेल का? एकदाच बघणार आहे. नाही जमलं तर हा नाद सोडला."

आक्कांनी बघते म्हटलं आणि खरंच बघितलं. जुन्या चष्म्याच्या दोन्ही काचांवर काळ्या कागदाच्या गोल चकत्या चिकटवल्या, मधोमध. तो चष्मा लावून सातही खेळ पुन्हा सुरू केले. पाच खेळांतल्या चिठ्ठ्या वाचता येईनात, ते बाद. सहाव्यात कोडं घड्याळाशी स्पर्धा करत सोडवायचं, तोही बाद. राहिला टेलिफोन एक्सचेंजचा. त्यात आपण ऑपरेटर. मोठे दिवे लागतात, आपण लाइन जोडायची आणि बोलणं ऐकायचं. गावातली एक बाई नाहीशी झाली आहे आणि फोनवर कोण खोटं बोलतंय ते कानांनी पकडायचं. आठ दिवस गेले, डोकं दुखून आलं, पण खेळ सापडला.

सोमवारी तो पिशवीत घालून आक्का मास्तरांकडे गेल्या. मास्तर टीव्हीकडे पाठ करून बसले होते.

"तुमचा पहिल्या नंबरचा आणला होता सुनेने," ते म्हणाले. "काल दिवसभर खेळलो. तळघरात कोणीतरी मागे लागतं. मुंगीएवढ्या अक्षरांची डायरी वाचायची आणि वाचता वाचता पळायचं. मी सोळा वेळा मेलो. खून कोणाचा शोधायचा ते शेवटपर्यंत कळलं नाही. माझाच असावा."

"मी असलं काही दिलं नाही."

"फळ्यावर यादी आहे. वर तुमचं नाव आहे." मास्तरांचा आवाज चढला नाही, तेच आक्कांना झोंबलं. "तुम्हाला दोष नाही देत. आमचं वय झालं, एवढंच."

आक्का तशाच उठल्या. वाचनालयाच्या दारातच फळा होता. 'आक्कांची निवड: रहस्यप्रेमींसाठी तीस उत्तम खेळ.' त्यांनी न पाहिलेले तेवीस खेळ त्यांच्या नावाने तिथे टांगले होते. तळघराचा पहिला होता, कारण त्याचा डबा सगळ्यात चकचकीत. त्यांनी टाचण्या एकेक करून काढल्या आणि कागद ग्रंथपालाच्या टेबलावर ठेवला.

"हे कोणी खेळलं?"

"आक्का, खेळच तर आहेत. एवढं कोण बघतंय?"

"ज्याला नीट दिसत नाही तो बघतोय. सोळा वेळा मेला बिचारा, आणि वर स्वतःलाच दोष देतोय." आक्का बसल्या नाहीत. "मी कच्चं शिवलं असतं तर पानं गळली असती आणि मला बोल लागला असता. इथे काम तुझं कच्चं आणि नाव माझं गेलं."

"बरं, तुमच्या सातांची लावतो."

"आधी लिही. ती यादी आक्कांची नव्हती, न खेळता केली होती. खाली तुझं नाव."

"लोक काय म्हणतील?"

"तेच म्हणतील जे मी म्हणतेय."

पुस्तकं बदलायला आलेले चार वाचक कपाटापाशी उगाच पुस्तकं चाळत उभे होते. ग्रंथपालाने इकडेतिकडे पाहिलं आणि लिहिलं. आक्कांनी वाचून पाहिलं, 'न खेळता' गाळलं होतं ते घालायला लावलं. मग त्याला आधीच दिलेला आपला सात खेळांचा कागद शेजारी लावला. प्रत्येक खेळापुढे तो कोणी न्यावा ते लिहिलं होतं: खुनी कोण याची ओढ असेल त्याने दीपगृहाचा न्यावा, खून कसा झाला यात रस असेल त्याने बंद खोलीचा. तळाशी एक ओळ होती. शेवटचं पान आधी बघणाऱ्यांनी इशाऱ्याचं बटण असलेला खेळ घ्यावा आणि सोडवला म्हणून सांगू नये.

राग तरी उतरेना. त्या पुन्हा मास्तरांकडे गेल्या.

"एकदाच बघणार म्हटलं होतं," मास्तर म्हणाले. "बघून झालं."

"जे बघितलंत ते माझं नव्हतं. एका गणितात शून्य मिळालं म्हणून पोरांना शाळा सोडा म्हणायचात का?"

"काहींना म्हणायला हवं होतं."

"मास्तर, आठ दिवस मी डोळ्यांवर कागद चिकटवून बसलेय. तुमच्यासाठी. न बघता नाही म्हणायचा हक्क तुम्हाला नाही."

"कागद म्हणजे?" मास्तरांनी विचारलं. आक्कांनी पिशवीतून तो जुना चष्मा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोटांनी चकत्या चाचपल्या. मग सुनेला हाक मारून खुर्ची फिरवून घेतली.

दिवे मोठे होते, आवाज स्वच्छ होते. मास्तर मान तिरकी करून डोळ्यांच्या कडेने दिवे बघत आणि लाइन जोडत. पहिल्या दिवशी त्यांना चार आवाज ओळखता आले, दुसऱ्या दिवशी बारा. तिसऱ्या दिवशी त्यांनी ठणकावून औषधवाल्यावर बोट ठेवलं. खेळाने ते उत्तर चूक म्हणून परत केलं.

"हे कसं? तो खोटं बोलत होता."

"बोलत होता," आक्का म्हणाल्या.

"मग?"

आक्का काही बोलल्या नाहीत. मास्तर लाल झाले. त्यांनी खुर्ची टीव्हीजवळ ओढली आणि पहिल्या दिवसाचा पहिला फोन पुन्हा लावला.

"सूनबाई," ते पाठमोरेच म्हणाले, "आक्कांना बाहेर बसव. त्यांच्या गप्प बसण्यावरून मला उत्तर कळायला लागलंय."