सुमीच्या पायाची बोटं

विसरलात ना? काल सुमीच्या पाठीचं ऑपरेशन होतं. कोणाच्या लग्नात कोणती भाजी खारट झाली, ते तुम्हाला वीस वर्षं आठवतं, पण हे नाही! म्हणून बंगळूरहून तुम्हा सगळ्या नातलगांना हे पत्र. मी सांगते आहे, सूनबाई लिहिते आहे. वाचलं की पुढच्या घरी द्या.

सुमी, माझी नात, सोळा वर्षांची. डॉक्टरांनी तिचा वाकडा कणा सरळ करून सांधला. हनुवटीपासून कमरेपर्यंत प्लास्टर आहे, त्यामुळे तिला स्वतःचे पाय दिसत नाहीत. अशा ऑपरेशनात पाय लुळे पडू शकतात, म्हणून त्या पायांचीच आम्हाला धास्ती होती.

आज सकाळी डॉक्टर आले. म्हणाले, "स्वल्प बोटं हलव बघू." कानडीत स्वल्प म्हणजे थोडं.

हलली. दोन्ही पायांची.

"आजी, हलली का गं?"

"हलली."

"खरं सांग. पाठ सरळच आहे, असंही तूच सांगायचीस."

सांगायचे खरी. चार वर्षं तिच्या पोलक्याच्या एका खांद्यात कापूस भरून मी तो वाक झाकला.

मग मी सरळ तिच्या तळव्याला गुदगुल्या केल्या. "आजी, पुरे!" ती ओरडली. तेव्हा तिला पटलं.

सूनबाई रडली, डॉक्टर हसले. मी नुसती उभी. अजूनही मला काहीच वाटत नाही, ना आनंद, ना भूक. तुमचं कोणाचं असं झालं होतं का? कळवा.

आणि बेसनाचे लाडू पाठवू नका, प्लास्टरनं तिचं पोट आवळलंय. मऊ भातावर घालायला मेतकूट पाठवा, बिनतिखटाचं.